आजोबा ‘म्हणतात’ की ‘म्हणायचे’?

देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे आजोबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी वह्यांमध्ये गोष्टी लिहून ठेवल्या. गेल्या श्रावणात ते गेले. वर्षश्राद्धाच्या आधी त्यातल्या अकरा गोष्टींचं छोटंसं पुस्तक छापायचं घरच्यांनी ठरवलं आणि प्रस्तावनेचं काम नातीकडे आलं. एका वहीला वाळवी लागली, ती मात्र हाती लागली नाही. ताई पहिल्याच पानावर अडल्या. निवृत्त मुख्याध्यापक असलेले काका म्हणाले, ‘गेलेल्या माणसाबद्दल “म्हणतात” असं लिहू नये, सगळं भूतकाळात घे.’ मुंबईला इंग्रजी शिकवणारा आतेभाऊ म्हणाला, ‘साहित्याबद्दल लिहिताना कायम वर्तमानकाळच वापरायचा, तसा नियमच आहे.’ ताईंनी दोन्ही करून पाहिलं. भूतकाळात लिहिलं की आजोबांना आपणच पुन्हा एकदा पोचवून आलो असं वाटतं आणि वर्तमानकाळात लिहिलं की खोटं बोलल्यासारखं होतं. ‘कोणता तरी एक काळ सांगा, म्हणजे हात चालेल,’ असं त्यांनी लिहिलं आहे. सोबत मसुद्यातला एक परिच्छेद पाठवला आहे.

ताई,

तुमच्या काकांपासून सुरुवात करते, कारण त्यांच्या म्हणण्याला व्याकरणाच्या आधी घरची रीत आहे. घरातलं माणूस गेलं की सगळ्यात आधी क्रियापद बदलतं. ‘अण्णांना कुयरीची भाजी आवडते’चं ‘आवडायची’ होतं. पहिले काही दिवस जेवताना कुणाच्या तरी तोंडून चुकून ‘आवडते’ निघतं आणि पानावरचे सगळे हात क्षणभर थांबतात. काकांनी त्यांचे वडील गमावलेत. त्यांना ‘आजोबा म्हणतात’ हे शब्द वाचताना तोच घास अडतो आहे. म्हणून त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. ते माणसाबद्दल बोलत आहेत, तुम्ही पुस्तकाबद्दल लिहीत आहात, एवढाच फरक आहे. अडचण अशी की दोघांसाठी शब्द एकच आहे, ‘आजोबा’.

याच काकांना एकदा विचारून पाहा, कीर्तनात बुवा काय म्हणतात? ‘तुकोबा म्हणतात.’ तुकोबांना जाऊन साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तरी ‘तुकोबा म्हणत असत’ असं कुठलेही बुवा म्हणत नाहीत, आणि म्हटलं तर ऐकणाऱ्यांना ते कानाला लागेल. अभंगात तर तुकोबांनी स्वतःच ‘तुका म्हणे’ लिहून ठेवलं आहे. तिथलं ‘म्हणे’ हे वर्तमानकाळाचं रूप आहे: तुका म्हणतो. पुढे मराठीचं गद्य घडत गेलं तसं हेच रूप सरकत सरकत रीती भूतकाळात जाऊन बसलं. आज आपण ‘आजी म्हणे’ असं लिहिलं तर त्याचा अर्थ ‘आजी म्हणायची’ असा होतो. म्हणजे काकांना हवा असलेला भूतकाळ आणि आतेभावाला हवा असलेला वर्तमानकाळ एकाच शब्दात होऊन गेले आहेत. मला हे फार मोलाचं वाटतं. गेलेल्या माणसाचे शब्द वर्तमानात ठेवणं आपण कुठून उसनं आणलेलं नाही, ते आपल्या देवघरात रोज संध्याकाळी चालतं.

आता आतेभाऊ. त्याचा नियम इंग्रजीपुरता योग्य आहे आणि मराठीतही पुष्कळ ठिकाणी चालतो. पण मराठीत काळ बदलला की वाक्याची बसकणच बदलते, हे त्याने लक्षात घेतलेलं नाही. तुमच्याच पुस्तकातली भिकाजी तारीची, म्हणजे खाडीवर होडी चालवणाऱ्याची, गोष्ट घ्या. ‘भिकाजी होडी ढकलतो.’ इथे क्रियापद भिकाजीच्या मागून चालतं. गोष्टीत भिकाजीच्या जागी त्याची बायको असती तर ‘ढकलते’ झालं असतं. हेच भूतकाळात करा: ‘भिकाजीने होडी ढकलली.’ क्रियापदाने भिकाजीला सोडलं आणि होडीचा हात धरला. ओंडका असता तर ‘ढकलला’, बायको ढकलत असती तरीही ‘ढकलला’च. शाळेत हे आपण कर्तरी आणि कर्मणी प्रयोग म्हणून पाठ केलं आणि विसरून गेलो. पण कथेबद्दल लिहिताना त्याचा परिणाम उघड दिसतो. वर्तमानकाळात माणूस पुढे येतो. भूतकाळात, निदान सकर्मक क्रियापदांत, घडलेली गोष्ट पुढे येते आणि माणूस ‘ने’ लावून बाजूला उभा राहतो. म्हणून कथेतल्या माणसाबद्दल सांगायचं असेल तेव्हा माझा कल वर्तमानाकडे असतो. त्यामागे नियमाचा धाक नाही, त्या काळात तो माणूस जास्त दिसतो म्हणून.

तिसरा एक पर्याय तुमच्या पत्रात दोघांपैकी कुणाच्याच बोलण्यात आलेला नाही, आणि तो तर खास आपला आहे. ‘प्रस्तुत पाठात लेखकाने कोकणातील जीवनाचे वर्णन केले आहे.’ दहावीच्या उत्तरपत्रिकेत हे वाक्य लिहिलं नाही असा मराठी माणूस शोधावा लागेल. या वाक्याचा वापर इतका झाला की त्याचा कंटाळा येतो, पण त्यातला काळ अगदी नेमका आहे. केलं आणि आहे. लिहिणं होऊन गेलं, लिहिलेलं समोर आहे. पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात तो हाच. गेलेल्या लेखकाबद्दल लिहिताना तुम्हाला जे दोन्ही एकदम म्हणायचं आहे, की ते आता नाहीत आणि त्यांनी केलेलं इथे आहे, ते या रूपात आपसूक बसतं. ‘आजोबांनी या गोष्टीत तारीचा हट्ट दाखवला आहे’ हे वाक्य काका आणि आतेभाऊ दोघांनाही वाचून दाखवा. दोघांपैकी कुणी अडेल असं मला वाटत नाही.

म्हणजे ‘एक काळ सांगा’ ही तुमची मागणी मी पुरी करू शकत नाही. एका प्रस्तावनेत एकच काळ असला पाहिजे, हे तुम्ही गृहीत धरलं आहे आणि सगळी अडवणूक तिथून सुरू झाली आहे. काळ प्रस्तावनेला नसतो, वाक्याला असतो. प्रत्येक वाक्याशी थांबून पाहायचं की हे कोणाचं चाललं आहे: आजोबांच्या आयुष्यातलं, गोष्टीतलं, की तुम्ही आत्ता वही उघडून वाचता आहात त्यातलं.

जवळचंच उदाहरण घेऊ. दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी. त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात असताना ‘श्यामची आई’ लिहिली. इथे ‘लिहितात’ चालणार नाही, कारण हे त्यांच्या आयुष्यात एका वर्षी, एका जागी घडलं. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. इथे ‘होत्या’ म्हटलं तर कुणी विचारील, मग आता पानं फाटली का? त्या रात्रींमध्ये श्याम आश्रमातल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. हा झाला गोष्टीचा वर्तमान. आणि श्याम जे सांगतो ते त्याच्यासाठीही होऊन गेलेलं आहे: आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून तो हट्ट करी आणि आई धोंड्यावर आपल्या लुगड्याचे ओचे पसरी. इथे ‘करी’, ‘पसरी’ हा रीती भूतकाळ हवाच. चार वाक्यांत तीन काळ झाले आणि कुठेही ठेच लागली नाही, कारण प्रत्येक वाक्याला आपली जागा माहीत आहे.

आता तुमचा परिच्छेद. तो इथे देते, म्हणजे असंच काही लिहिणाऱ्या इतरांनाही पाहता येईल.

‘भिकाजी रोज पहाटे उठून होडीतले पाणी उपसतो. खाडीवर पूल होऊन दोन वर्षे झाली होती. तरीही तो गिऱ्हाइकाची वाट पाहत होता. एक दिवस नातू त्याला विचारतो की आता कोणी येणार नव्हते तर होडी कशाला धुता. भिकाजीने काही उत्तर दिले नाही. इथे आजोबांनी माणसाचा हट्ट दाखवला. आजोबा माणसांवर प्रेम करतात.’

पहिल्या वाक्यात तुम्ही मला पहाटे खाडीवर नेलंत. उपसण्याचा आवाज येतो. दुसऱ्या वाक्यात ‘झाली होती’ म्हणून तिथून उचलून लांब नेऊन ठेवलंत. चौथ्यात ‘विचारतो’ म्हणून परत आणलंत, पाचव्यात पुन्हा लांब. मनाला हेलकावे बसतात ते यामुळे. भूतकाळ वापरला हे बिघडलं नाही, कारण नसताना मध्येच काठ बदलला हे बिघडलं. गोष्ट वर्तमानात सांगायला घेतली आहे ना, मग तिच्या आधी घडलेलं साध्या भूतकाळात किंवा पूर्ण वर्तमानात येऊ द्या: ‘पूल होऊन दोन वर्षे झाली आहेत.’ पूर्ण भूतकाळाची, म्हणजे ‘झाली होती’ची गरज पडते ती मुख्य गोष्टच भूतकाळात सांगत असलो तर. आणि पुलाच्याही आधीचे दिवस सांगायचे झाले तर रीती भूतकाळ आहेच: ‘याच होडीतून लग्नाची वऱ्हाडे जात असत.’

नातवाच्या प्रश्नावर जरा जास्त थांबते. तुम्ही मूळ वहीच्या पानाचा फोटो पाठवलात म्हणून मला दिसलं, आजोबांनी तिथे लिहिलंय, ‘आता कोण येतलो?’ तीन शब्द. तुम्ही त्याचं ‘आता कोणी येणार नव्हते तर’ केलंत. ताई, हे करू नका. गोष्टीतल्या माणसाच्या तोंडचा काळ आपल्या वाक्याच्या काळाला जुळवून घ्यायचा, ही सवय इंग्रजीतून आलेली आहे. मराठीत ‘तो म्हणाला की मी येईन’ असंच आपण म्हणतो. काल म्हणाला तरी ‘येईन’ ते ‘येईन’च राहतं. आणि इथे तर मालवणी आहे. ‘येतलो’मधला भविष्यकाळ त्या पोराने आजोबाला विचारलेला आहे. तो काढला की प्रश्नातला जीव गेला. अवतरणचिन्हात जसाच्या तसा ठेवा. पुण्या-मुंबईचा वाचक अडेल ही भीती नको. ‘येतलो’ कळायला कुणाला कोश लागत नाही.

कवितेच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट होतं. मालगुंडच्या केशवसुतांनी १८९३ मध्ये ‘तुतारी’ लिहिली. १९०५ मध्ये ते गेले. कवितेची पहिलीच ओळ आहे, ‘एक तुतारी द्या मज आणुनि, फुंकिन मी जी स्वप्राणाने’. आता याविषयी ‘केशवसुतांना तुतारी फुंकायची होती’ असं लिहिलं की काय होतं? एका माणसाची राहून गेलेली इच्छा होते. ‘कवी तुतारी मागतो’ असं लिहिलं की कवितेतलं ‘फुंकिन’ जागेवर राहतं आणि वाचणाऱ्याला अजून ती हाक ऐकू येते. (जाता जाता सांगते, मराठी क्रियापदांच्या काळांची अतिशय बारकाईने छाननी करणारं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये आलं, ते लिहिणारे मोरो केशव दामले हे केशवसुतांचे धाकटे बंधू. एकाच घरात एकाने क्रियापदांत प्राण ओतला आणि दुसऱ्याने ती नाडी तपासली. या घराबद्दल मला फार जिव्हाळा आहे.)

मराठीत क्रियापदाचं रूप आणि घड्याळ यांची सांगड कधीच घट्ट नव्हती, हेही मनात असू द्या. एसटी सुटायची वेळ झालेली असते आणि कुणीतरी उंबऱ्यातून ओरडतं, ‘आलो, आलो!’ अजून चपला पायात नसतात. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. माडावर चढणाऱ्या पोराला आई म्हणते, ‘पडलास तर मेलास!’ तिन्ही ठिकाणी रूप एक सांगतं आणि घडणार असतं दुसरं. यात कुणी खोटं बोलत नाही. तेव्हा ‘आजोबा या गोष्टीत सांगतात’ असं लिहिताना खोटं बोलल्याची टोचणी तुम्हाला लागायला नको. वही उघडली की ते सांगतात. तुम्ही वाचता तेवढ्या वेळेपुरतं ते शब्दशः खरं आहे.

पण तुमच्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य मात्र मला खटकलं. ‘आजोबा माणसांवर प्रेम करतात.’ हे तुम्ही गोष्टीत वाचलंत की घरात पाहिलंत? घरात पाहिलं असेल तर तिथे काकांचं ऐका. ‘आजोबांचा माणसांवर जीव होता’ असं सरळ लिहा आणि एखादी आठवण सांगा. गोष्टीत वाचलं असेल तर आजोबांचं नाव काढा आणि तारीकडे बघणाऱ्या नजरेबद्दल लिहा: ‘या गोष्टीचा निवेदक भिकाजीला वेडा ठरवत नाही.’ दोन गोष्टींमध्ये ‘मी’ बोलतो असं तुम्ही लिहिलंय. तिथे तर फारच जपा. तो ‘मी’ खाडीत पडतो म्हणून आजोबा लहानपणी खाडीत पडले होते असं प्रस्तावनेत छापून जाईल आणि पुढच्या पिढीला ते घराण्याच्या इतिहासासारखं वाटेल. ‘पडतो’ तो निवेदक, ‘पडले’ ते आजोबा. काळ नीट ठेवला की ही गल्लत बरीचशी टळते.

गावाबद्दल लिहितानाही असा एक घोटाळा होतो, आणि कोकणातल्या जुन्या लेखनाबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो भेटतो. गोष्टीत मुंबईची आगबोट बंदराला लागते. बंदरात आज ती लागत नाही. ‘बंदरात आगबोट लागते’ एवढंच लिहिलं तर बाहेरचा वाचक चौकशी करत येईल. अशा वेळी काळ बदलू नका, वाक्याला खुंटी द्या. ‘गोष्टीत’, ‘त्या काळी’, ‘आज’ असा एक शब्द सुरुवातीला आला की पुरे.

सगळी प्रस्तावना भूतकाळात लिहायचीच असेल तर तेही करता येतं. चांगले लेखक तसं लिहितात आणि वाचताना काही बिघडत नाही. फक्त मग ती स्मरणिका होते. गावच्या वाचनालयात शोकसभेला वाचायचा मजकूर असता तर मी स्वतः तोच काळ सुचवला असता. पण तुमचं पुस्तक ज्यांनी आजोबांना कधी पाहिलं नाही अशांच्याही हातात जाणार आहे. त्यांच्यासाठी आजोबांची ओळख भिकाजीपासून सुरू होणार आहे आणि भिकाजी पहाटे पाणी उपसतो आहे.

एक करा. मसुदा मोठ्याने वाचा, काकांसमोर. जिथे ते थांबतील तिथे विचारा, इथे तुम्हाला वडील दिसले की लेखक? वडील दिसले म्हणाले तर ते वाक्य भूतकाळात न्या, किंवा ‘आजोबा’च्या जागी ‘लेखक’, ‘निवेदक’, ‘गोष्ट’ यांपैकी जे खरं असेल ते घाला. लाल पेन त्यांच्या हातात असू द्या. तुमच्या पत्रावरून वाटतं की त्यांनाही या पुस्तकात काहीतरी करायचं आहे, आणि कुणी ते अजून त्यांना विचारलेलं नाही.

राहिली ती वाळवीची वही. तिच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, की तिच्यात नारळी पौर्णिमेची एक गोष्ट होती आणि आजोबा ती दर वर्षी पडवीत बसून सांगायचे. इथे ‘होती’ आणि ‘सांगायचे’ दोन्ही बरोबर आहेत, त्याला हात लावू नका. पान नाही, त्यामुळे ‘आजोबा या गोष्टीत सांगतात’ असं म्हणायला आधार उरत नाही. पण ऐकणारे तर अजून आहेत. तुम्ही, काका, आत्या, शेजारची एखादी म्हातारी. या नारळी पौर्णिमेला सगळ्यांना एकत्र बसवा आणि ज्याला जेवढी आठवेल तेवढी गोष्ट लिहून घ्या. शब्द आजोबांचे नसतील, हे खाली स्पष्ट लिहा. मग ती बारावी गोष्ट म्हणून पुस्तकाच्या शेवटी घालता येईल, आणि प्रस्तावनेत तिच्यापुढचं ‘होती’ खोडून ‘आहे’ करता येईल.